एकाच शहरात दोन-तीन स्थानिक दैनिकं कशाला हवीत?

प्रश्न असा आहे: ठाण्यात मुंबईच्या मोठ्या दैनिकांच्या ठाणे पुरवण्या रोज घरात येतात, मोबाइलवर तर मिनिटामिनिटाला बातम्या पडत असतात. मग एकाच शहरात दोन-तीन स्थानिक दैनिकांनी एकमेकांशी झुंजत कशाला बसायचं? एकच असावं, पण चांगलं असावं, हे जास्त बरं नाही का?

मी ठाण्यात महापालिकेची बीट केली, म्हणजे तिथल्या बातम्या रोज दिल्या, मग डेस्कवर पानं लावली आणि पुढे स्थानिक दैनिकाचं संपादनही केलं. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. थोडक्यात हवं असेल तर एवढंच सांगेन की ज्या शहरात एकच दैनिक असतं तिथे बातमी दाबणं फार सोपं होतं आणि दुसरं दैनिक आलं की ते अवघड होतं. बाकीचे फायदे यातूनच निघतात.

बातमी कशी मरते याची बाहेरच्या माणसाला सहसा कल्पना नसते. कुणी संपादकाला धमकावलं आणि त्याने घाबरून बातमी काढली, असं क्वचित घडतं. बहुतेक वेळा सगळं गोडीगुलाबीत होतं. समजा घोडबंदर रोडवरच्या एखाद्या गृहसंकुलाला भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं नाही, तरी लोक राहायला गेलेत, अशी बातमी वार्ताहर संध्याकाळी देतो. सातच्या सुमारास जाहिरात विभागातून कुणीतरी येऊन सांगतं की पाडव्याची पानभर जाहिरात त्याच बिल्डरची आहे. आठ वाजता ओळखीच्या पुढाऱ्याचा फोन येतो, ‘साहेब, दोन दिवस थांबा, त्यांची बाजू तरी घ्या.’ बाजू घ्यायला हवी हे खरंच असतं, म्हणून बातमी थांबते. दोन दिवसांत शहरात दुसरं काहीतरी घडतं. आठवड्याने मूळ कागद वार्ताहराच्या खणात तळाशी जातो. यात कुणी खोटं बोललेलं नसतं, कुणी पाकीट घेतलेलं नसतं. फक्त त्या संकुलातल्या लोकांना आणि तिथे घर घ्यायला निघालेल्या पुढच्या माणसांना काहीही कळत नाही.

आता त्याच टेबलाशी रात्री नऊ वाजता वार्ताहर येऊन म्हणतो, ‘त्यांच्याकडे पण आहे.’ म्हणजे दुसऱ्या दैनिकालाही ही बातमी लागली आहे. या तीन शब्दांनी काय होतं ते मी अनेकदा पाहिलं आहे. जाहिरात विभागाचा माणूस गप्प होतो, कारण जाहिरातीसाठी बातमी सोडली आणि सकाळी ती समोरच्याच्या पहिल्या पानावर आली तर नाक कुणाचं कापलं जाणार हे त्यालाही समजतं. संपादकाला फोनवाल्याला सांगायला एक सभ्य कारण मिळतं: ‘मी थांबवून उपयोग नाही, ती उद्या येणारच आहे.’ आणि बिल्डरची बाजू, जी दोन दिवस मिळत नव्हती, ती पंधरा मिनिटांत मिळते. संपादक शूर असावा लागतो हे खरंच, पण रोज शूर राहणं कुणालाच जमत नाही. शेजारी प्रतिस्पर्धी असला तर भित्र्या संपादकालाही बातमी छापावी लागते. शहराने संपादकाच्या शौर्यावर अवलंबून राहण्यापेक्षा ही व्यवस्था कितीतरी जास्त भरवशाची.

एका दैनिकाला गप्प करायला एक फोन पुरतो. तीन दैनिकं असली की तीन मालकांना, तीन वेगवेगळ्या हितसंबंधांच्या आणि स्वभावांच्या माणसांना राजी करावं लागतं. एकाचं त्या पुढाऱ्याशी जमतं, दुसऱ्याचं हटकून जमत नाही. न जमण्याचं कारण कधीकधी अगदी क्षुद्र असतं, पण त्या क्षुद्र कारणातूनही खरी बातमी बाहेर येते आणि वाचकाला बातमीशी मतलब.

वार्ताहरावर होणारा परिणाम याहून मोठा आहे. स्थानिक दैनिकाच्या वार्ताहराचा दिवस सकाळी इतर अंक समोर पसरून सुरू होतो. काय आपल्याकडे आहे आणि त्यांच्याकडे नाही, याचा आनंद क्षणभर टिकतो. काय त्यांच्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही, हे मात्र दिवसभर टोचत राहतं. बातमी हुकली की संपादक विचारतो, सहकारी विचारतात आणि महापालिकेच्या पत्रकार कक्षात ज्याने ती दिली तो समोरच बसलेला असतो. या टोचणीमुळे माणूस पाचपाखाडीच्या मुख्यालयातून उठून दिव्याला, मुंब्र्याला, कोलशेतला जातो. प्रतिस्पर्धी नसेल तर प्रेसनोट येते, ती दुपारी टाइप होते, संध्याकाळी पान सुटतं. हेही काम म्हणूनच मोजलं जातं.

पाण्याचं उदाहरण घेऊ, कारण ठाण्यात पाण्याइतका नेहमीचा विषय दुसरा नाही. शहराला महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणी पुरवणारी कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून मिळून दिवसाला ५८५ दशलक्ष लिटर पाणी मिळतं, हा आकडा वर्षानुवर्षं प्रेसनोटमध्ये येत आला आहे. एकच दैनिक असेल तर त्या आकड्याची बातमी होते आणि विषय संपतो. दोन असतील तर दुसऱ्याला वेगळं काहीतरी द्यावंच लागतं. तो आकडा सोडून दिव्यात नळाला पाणी कधी येतं ते विचारायला जातो. तिसरा घोडबंदरच्या संकुलांत रोज किती टँकर येतात आणि त्याचे पैसे कोण भरतं याच्या मागे लागतो. मग पहिल्याला गळतीकडे वळावं लागतं: चार ठिकाणांहून आलेलं पाणी वाटेत जातं कुठे? आठवडाभरात वाचकासमोर जे चित्र उभं राहतं ते या तिघांतल्या कुणीही एकट्याने रंगवलं नसतं. तिघांनी मिळून ठरवलंही नव्हतं. प्रत्येकाला फक्त समोरच्याची बातमी पुन्हा छापायची नव्हती.

महापालिकेच्या आत याचा परिणाम कसा होतो तेही सांगतो. जनसंपर्क विभाग रोज सकाळी कात्रणांची फाइल करून वर पाठवतो. तुंबलेल्या नाल्यासारख्या एखाद्या विषयाचं एकच कात्रण असेल तर साहेब खालच्या अधिकाऱ्याला विचारतात, ‘हा वार्ताहर कोण?’ त्याच विषयावर दोन दैनिकांची दोन कात्रणं असतील तर विचारतात, ‘हे खरं आहे का?’ माझ्या लेखी स्थानिक पत्रकारितेचं सगळं मोल या दोन प्रश्नांमधल्या अंतरात आहे. पहिल्या प्रश्नात वार्ताहर आरोपी असतो, दुसऱ्यात नाला.

तुम्ही म्हणाल, मोठी दैनिकं आणि वाहिन्या आहेतच की. आहेत आणि संकटाच्या वेळी त्या येतातही. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा जीव गेला तेव्हा देशभरातले कॅमेरे तिथे उभे होते. पुढे महापालिकेच्या अधिकाऱ्यांना, नगरसेवकाला, पोलिसांना अटक झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले, तेव्हाही तसंच झालं. पण इमारत कोसळण्याआधी तिचे मजले चढताना बघायला कुणी राजधानीतून येत नाही. रुग्णालयात किती खाटा आहेत, किती डॉक्टरांची पदं रिकामी आहेत, रात्रपाळीला कोण असतं, हे विचारणारा माणूस रोज कळव्याला जाणाराच हवा. आणि कॅमेरे गेल्यावर चौकशी अहवालाचं काय झालं हे विचारत राहणं, ज्याला आमच्या धंद्यात पाठपुरावा म्हणतात, ते सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत गरजेचं काम. एकट्या दैनिकाला पाठपुरावा सोडून देणं फार सोपं असतं, कारण सोडल्याचं कुणाच्या लक्षातच येत नाही.

मोठ्या दैनिकांच्या ठाणे पुरवण्यांनी चांगलं काम केलं आहे, त्यांतले कित्येक वार्ताहर माझे मित्र आहेत. पण पुरवणीत किती पानं असावीत हे ठाण्यात ठरत नाही. जाहिराती कमी झाल्या की पहिली कात्री या पानांवर चालते. २०२० च्या टाळेबंदीत घरपोच वाटप बंद पडलं तेव्हा आपल्या गल्लीची बातमी किती नाजूक धाग्यावर लटकलेली असते ते सगळ्यांनाच दिसलं. शिवाय पुरवणीला ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, मिरा-भाईंदर सगळं सांभाळायचं असतं. २०११ च्या जनगणनेत एकट्या ठाणे महापालिका हद्दीची लोकसंख्या १८ लाखांवर होती, नवी मुंबई महापालिकेची ११ लाखांवर. आज ती कितीतरी वाढली आहे. एवढ्या वस्तीला पुरवणीतलं अर्धं पान पुरणार कसं?

ठाण्याला ही परंपरा नवी नाही. इथली नगरपालिका १८६३ ची, आणि ‘अरुणोदय’ हे पत्र काशिनाथ विष्णू फडके यांनी १८६६ मध्ये इथूनच सुरू केलं. त्या काळात ‘सूर्योदय’ आणि ‘हिंदुपंच’ ही पत्रंही ठाण्यातून निघत. शहर आजच्या मानाने एवढंसं, पण पत्रं एकाहून अधिक. इंग्रज सरकार देशी पत्रांतल्या मजकुराचे सारांश दर आठवड्याला इंग्रजीत करवून घेत असे, म्हणजे त्यांना हे वाचणं टाळता येत नव्हतं. पुढच्या काळात ‘सन्मित्र’, १९७५ पासून ‘ठाणेवैभव’ अशी दैनिकं इथे रुजली, खाडीपलीकडे नवी मुंबईत ‘आपलं नवे शहर’सारखी. यांतलं कुठलं श्रेष्ठ हा वाद मी इथे घालणार नाही. ती एकाच वेळी स्टॉलवर असावीत एवढंच माझं म्हणणं.

नवी मुंबईची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तिथे स्पर्धेची गरज मला ठाण्याहून जास्त वाटते. ठाण्यात निदान जबाबदार कोण हे बहुतेक वेळा स्पष्ट असतं. नवी मुंबईत सिडको, म्हणजे हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, १९७० मध्ये आली, महापालिका १९९२ मध्ये. जमीन एकाकडे, रस्ता दुसऱ्याकडे, औद्योगिक पट्टा एमआयडीसीकडे, आणि खारघरपासून पुढे पनवेल महापालिका. गटाराचं झाकण गेलं तरी ते कुणाचं हे ठरेपर्यंत पावसाळा सरतो. अशा ठिकाणी प्रत्येक संस्था दुसरीकडे बोट दाखवते आणि सिडकोशी सलोखा असलेलं दैनिक सिडकोची बाजू छापतं, महापालिकेशी सलोखा असलेलं महापालिकेची. एकच दैनिक असतं तर वाचकाला एकच बोट दिसलं असतं. दोन असतात म्हणून दोन्ही बोटं दिसतात आणि मधला प्रश्न उघडा पडतो.

दुसरं म्हणजे या शहरात वाचकच दोन तऱ्हेचे आहेत. वाशी-नेरूळच्या सेक्टरमधला नोकरदार आणि मूळ गावांतला, शहरासाठी जमीन गेलेला आगरी-कोळी प्रकल्पग्रस्त. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. गावठाणाबाहेर वाढवलेल्या घरांना गावातला माणूस ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतो, सेक्टरमधला माणूस ‘अनधिकृत बांधकामं’. एकाच संपादकाने कितीही प्रामाणिकपणे ठरवलं तरी त्याला पानावर यांपैकी एक शब्द निवडावाच लागतो. दोन दैनिकं असली तर दोन्ही शब्द छापून येतात आणि सेक्टरमधल्या वाचकाला निदान कळतं की पलीकडे असं बोलणारे लोक आहेत आणि त्यांच्या बोलण्याला चाळीस वर्षांचा इतिहास आहे. नेरूळच्या डीपीएस तलावावरच्या फ्लेमिंगोंचं असंच झालं. पाण्याची वाट बंद झाली की तलाव सुकतो, पक्षी उडतात. हे पक्षीप्रेमींनी लावून धरलं, पण ते लावून धरणं रोजच्या रोज छापायला कुणीतरी हवं होतं, आणि ज्याने आधी दुर्लक्ष केलं त्यालाही नंतर ते छापावं लागलं.

महापालिकेत लोकप्रतिनिधी नसतात तेव्हा ही गरज किती वाढते ते आपण नुकतंच अनुभवलं. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर वर्षानुवर्षं दोन्हीकडे प्रशासक होते. महासभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार एकाच खुर्चीत. महासभा भरत होती तेव्हा विरोधी बाकावरचा नगरसेवक निविदेवर आरडाओरडा करायचा, आणि तिथे बसलेल्या वार्ताहराला बातमीचं टोक तिथेच मिळायचं. प्रशासकाच्या काळात ठराव बंद दाराआड होतात. पाच हजार कोटींच्या घरातलं अंदाजपत्रक सभागृहातल्या चर्चेविना मंजूर होतं. त्या काळात प्रश्न विचारायला दैनिकांखेरीज उरलंच कोण? आणि दैनिक जर एकच असेल तर प्रशासकाला एकाच माणसाला चहाला बोलवावं लागतं.

एक रुक्ष वाटणारा, पण पैशांचा मुद्दा आहे तो जाहीर नोटिशींचा. विकास आराखड्यात फेरबदल करायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात, मुदत एक महिन्याची. मैदानाचं आरक्षण बदलतंय हे तुम्हाला त्या महिन्यात कळलं नाही तर नंतर कळून फारसा उपयोग नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही सभासद वारसनोंद न करता वारला तर हस्तांतरापूर्वीची नोटीस किमान दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावी असं आहे. किमान दोन. उपविधी लिहिणाऱ्यांना एका पेपरवर भरवसा ठेवावासा वाटला नाही. शहरात खपाचं दैनिक एकच उरलं की अशा नोटिशी कुठल्यातरी न वाचल्या जाणाऱ्या पत्रात जातात, आणि कायद्याचं पोट भरतं, माणूस मात्र उपाशी राहतो. खरी स्पर्धा असली की दुसरं दैनिक त्या नोटिशीचीच बातमी करतं: अमुक भूखंडावरचं उद्यान जातंय, हरकतीची शेवटची तारीख ही. मी स्वतः डेस्कवर असताना समोरच्या दैनिकात छापून आलेल्या नोटिशी रोज वाचायला लावायचो. उत्तम बातम्या तिथे बारीक अक्षरांत झोपलेल्या असतात.

दुकानदारांना विचाराल तर त्यांचं उत्तर सरळ आहे. नौपाड्यातल्या साडीच्या दुकानाला किंवा वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्याला मुंबईच्या दैनिकातली जाहिरात परवडत नाही, आणि शहरात एकच दैनिक असेल तर कॉलम सेंटीमीटरचा दर तो म्हणेल तो. दुसरं असलं की दर उतरतो. याहून जास्त यावर बोलण्यासारखं नाही.

आता अभ्यास काय सांगतात. टिमथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या राज्यांची १९५८ ते १९९२ पर्यंतची आकडेवारी तपासून २००२ मध्ये दाखवलं की जिथे वर्तमानपत्रांचा खप जास्त, तिथली सरकारं पीक बुडाल्यावर धान्यवाटपात आणि पुरानंतर मदतीत जास्त तत्पर असतात. त्यातही प्रादेशिक भाषांतल्या पत्रांचा वाटा महत्त्वाचा दिसला. ठाणे-नवी मुंबईत बसून मला हे अगदी ओळखीचं वाटतं.

स्पर्धेबद्दलचा थेट पुरावा अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा आहे. तिथे ‘पोस्ट’ आणि ‘एन्क्वायरर’ अशी दोन दैनिकं होती. छपाई, वितरण, जाहिराती एकत्र, पण संपादकीय विभाग वेगळे. २००७ च्या शेवटच्या दिवशी ‘पोस्ट’ बंद झालं, त्याचा खप तेव्हा जेमतेम २७ हजार होता. पण केंटकीतल्या ज्या उपनगरांत ते जास्त वाचलं जात होतं, तिथे पुढच्या निवडणुकांत नगरपालिकेला उमेदवार कमी उभे राहिले, विद्यमान सदस्यच निवडून येण्याचं प्रमाण वाढलं आणि मतदान घटलं, असं श्युलहोफर-वोल आणि गारिडो यांच्या अभ्यासात आढळलं. एवढ्या कमी खपाच्या पेपरने एवढा फरक कसा पडतो, असं अभ्यासकांना वाटलं असेल. मला नाही वाटत. खप कमी असला तरी त्याची धास्ती मोठ्या पेपरला असते. अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका अभ्यासात असंही दिसलं की स्थानिक दैनिक बंद पडलेल्या भागांत नगरपालिकांना कर्ज महाग पडू लागलं, कारण रोखे घेणाऱ्यांनाही वाटतं की आता यांच्यावर लक्ष कोण ठेवणार.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेच्या जवळजवळ दीड शतकाच्या आकडेवारीवर गेंट्झकोव, शपिरो आणि सिंकिन्सन यांनी २०११ मध्ये मांडलं की मतदानावर सर्वांत मोठा परिणाम गावात येणाऱ्या पहिल्या वर्तमानपत्राचा होतो, दुसऱ्या-तिसऱ्याने फार थोडी भर पडते. आणि फ्रान्समधल्या ज्युलिया काजे यांनी तिथल्या स्थानिक दैनिकांचा १९४४ पासूनचा अभ्यास करून दाखवलं की बाजार लहान आणि वाचक एकसारखे असले तर जास्त दैनिकांमुळे प्रत्येकाकडचे पत्रकार कमी होतात आणि सार्वजनिक प्रश्नांच्या बातम्याही घटतात. हा इशारा मी गंभीरपणे घेतो. दहा दुबळी दैनिकं, प्रत्येकात दीड वार्ताहर, सगळ्यांत तीच प्रेसनोट, याला मी स्पर्धा म्हणणार नाही. पण ठाणे-नवी मुंबई हा लहान बाजार नाही आणि इथले वाचक एकसारखे तर मुळीच नाहीत. दोन-तीन भक्कम दैनिकं पोसण्याइतका पैसा आणि इतके वेगवेगळे लोक इथे आहेत.

सगळ्यात मोठा आक्षेप पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुराचा. तो खरा आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याची स्तुती करणारा मजकूर, शब्दन् शब्द सारखा, महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या मराठी दैनिकांत वेगवेगळ्या नावांनी छापून आला. एकमेकांच्या कट्टर स्पर्धक दैनिकांत एकच लेख! हे उघड केलं पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त, आणि प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये या प्रकारावर सविस्तर अहवाल दिला. यातून दोन गोष्टी दिसतात. स्पर्धक एकाच तिजोरीशी बांधले गेले की दैनिकांची संख्या कितीही असो, वाचक एकटाच पडतो. आणि दुसरी: चोरी पकडली गेली ती अंक शेजारी शेजारी ठेवल्यामुळे, आणि छापली ती आणखी एका दैनिकाने. एकच दैनिक असतं तर तो मजकूर कशाशी ताडून बघितला असता?

म्हणून संख्या मोजण्याआधी मालक बघा. वर्षातून एकदा, मार्चच्या सुरुवातीला, दैनिकं मालकीचं निवेदन छापत आली आहेत. १९५६ च्या जुन्या नियमांतलं ते प्रपत्र ४. बारीक अक्षरांत असतं, पण मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक सगळे तिथे सापडतात. दोन दैनिकांचा मालक एकच असेल किंवा दोन्हींचे मालक एकाच पक्षाचे असतील तर तुमच्या घरात खरं तर एकच पेपर येतोय. पक्षाचं दैनिक असण्यात मला काही वावगं वाटत नाही. रायगडात ‘कृषीवल’ १९३७ पासून उघडपणे शेतकऱ्यांची बाजू घेऊन निघतो आणि वाचकाला त्याची बाजू माहीत असते. बाजू लपवलेली असते तिथे घात होतो.

व्हॉट्सअॅपबद्दल एवढंच सांगतो की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येणारी महापालिकेची बातमी शोधत मागे गेलं की नव्वद टक्के वेळा कुठल्यातरी स्थानिक वार्ताहरापाशीच पोचते. कागदपत्र बघणारा, अधिकाऱ्याला फोन करणारा, चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापायला बांधील असलेला माणूस तोच. ती चूकही बहुधा समोरचं दैनिक आनंदाने दाखवून देतं, म्हणून खुलासा लवकर येतो.

तर तुम्ही काय करावं? घरात मोठं दैनिक येतं तसं एक स्थानिकही लावा, आणि शेजाऱ्याकडे जे येतं त्याहून वेगळं लावा. आठवड्यातून एकदा अदलाबदल करून वाचा. सोसायटीच्या कार्यालयात दोन्ही ठेवायला सांगा, महिन्याला त्याचा खर्च वॉचमनच्या चहापेक्षा कमी येतो. एखादा विषय एकाने छापला आणि दुसऱ्याने नाही, तर दुसऱ्याच्या संपादकाला पत्र लिहा: हे तुमच्याकडे का नाही? आम्हाला अशी पत्रं यायची तेव्हा ती सकाळच्या बैठकीत वाचली जायची, आणि त्या दिवशी कुणीतरी वार्ताहर बॅग उचलून निघायचाच. आणि तुमच्याकडे कागद असेल, माहिती अधिकारातलं उत्तर असेल, तर ते दोन्ही दैनिकांना एकाच दिवशी द्या आणि दोघांनाही सांगा की दुसऱ्यालाही दिलं आहे.